पानात ठेवलेलं बोट

मकरपुऱ्याच्या कारखान्यात, वरच्या मजल्यावर,
एसी मशीनसाठी. आम्हाला त्याचा उष्टा गारवा.
बॅच नंबर सहा आकडी आहे, आठ आकडी करायचाय.
अमीनभाई दारातूनच म्हणाले,
सोमवार सुधी थई जशे ने, विदुलाबेन?
मी म्हटलं, बघते.

बघते म्हणजे काय ते मलाच ठाऊक.
ही फाइल कोण वाचतं, त्याला कोण हाक मारतं,
त्या हाक मारणाऱ्याला कोण.
अठरा वर्षांच्या सोयरिकी, चुलत, मावस, मानलेल्या,
सगळ्या एका फाइलीत उतरवून घेतल्या
आणि नावांच्या किल्लीनं लावल्या:
आधी बोलावलेला, मग बोलावणारा.
मग बारा ओळींची एक प्रोसिजर लिहिली.
ती एक नाव घेते, त्याच्या पहिल्या नोंदीवर बोट ठेवते,
बोलावणारा सापडला की त्याचं नाव घेऊन
स्वतःलाच हाक मारते.

पहिल्या रात्री तिनं तीन नावं दिली.
तीन!
एवढ्या गोतावळ्यात तीन तर नुसते वॉचमन असतील.

कॅन्टीन बंद झाल्यावर कळलं:
बोट एकच आहे.
बाहेरची मी, आतली मी, तिच्याही आतली मी,
सगळ्या एकाच वहीत एकाच बोटानं वाचत होतो.
आतली परतते, झालं माझं म्हणते.
बाहेरची पुढची ओळ बघायला वळते
तर बोट भलत्याच पानावर,
आणि तिला वाटतं, संपली वही.

घरीही होतं असं. आमटी उकळताना वन्संचा फोन,
साखरपुड्याचा, त्यातून हॉलच्या भाड्याचा,
त्यातून कुणाच्या तरी गुडघ्याचा.
परत येते तेव्हा पातेलं तेच असतं,
मीठ घातलं की नाही, ते गेलेलं असतं.

उपाय जुनाच निघाला.
आत जाण्यापूर्वी पदराला गाठ मारायची:
कुणाकडे होतो, कुठवर आलो, दोन्ही नावं.
प्रत्येकीचा पदर वेगळा.
परतल्यावर गाठ सोडायची,
तिथेच बोट टेकायचं, आणि त्याच्या पुढचं वाचायचं.

दुसऱ्या रात्री ती थांबेचना.
इन्व्हॉइसला डिस्पॅच बोलावतो, डिस्पॅचला स्टॉक,
स्टॉकला पुन्हा इन्व्हॉइस,
तिघं एकमेकांकडे पाहुणे, आणि घरी कुणीच नाही.
पहाटे मशीननं हात टेकले.
मग ज्या दारी जाऊन आलो तिथे खडूची फुली,
फुली दिसली की मुकाट्यानं मागे.

शनिवारी यादी आली. एकशे एकेचाळीस.
मी सेव उसळ मागवली, पाव जास्तीचे,
आणि कागद मांडीवर घेऊन शेवटापासून वाचू लागले.
अकराव्या पायरीवर एक जण,
ज्याला कुणीच हाक मारत नाही.
उघडला. वरच्याच ओळीत, इंग्रजी अक्षरांत मराठी:
काढू नये. कारण मला विचारावे.
टिळेकर, दांडिया बाजार, चौऱ्याण्णव.
खाली फोन नंबर. तोही सहा आकडी.

पुढे दोन लावून फिरवला.
बराच वेळ वाजला. मग एक बाई, मग दूर सरपटणाऱ्या सपाता.
मोठ्यानं बोला हं, त्यांना ऐकू येत नाही.
मी रिकाम्या मजल्यावर ओरडून विचारलं,
काका, शून्य सात नंबरचा प्रोग्राम का काढायचा नाही?

तिकडे श्वास. पंखा. कुकरची एक शिट्टी.
मग म्हाताऱ्यानं सावकाश विचारलं,
आधी हे सांग,
तुला कुणी पाठवलं?

मी पदर हातात घेतला
आणि शेवटच्या गाठीपासून सांगू लागले.